जीपगाडी आणि तिचे मिस्त्री

तालुक्याच्या गावी एखाद्या गॅरेजच्या मागे, बाभळीच्या सावलीत, जुनी जीप उभी असेल तर मंडळी, एक काम करून पाहा. तिच्या एखाद्या बोल्टाच्या डोक्यावरचे ग्रीस चिंधीने पुसा. गाडी दुसऱ्या महायुद्धातली असेल आणि तुमचे नशीब बरे असेल, तर त्या डोक्यावर वळणदार असे एक इंग्रजी अक्षर उठलेले दिसेल : ‘एफ’. ते फोर्ड कंपनीचे. शेजारच्या बोल्टावर ते अक्षर नसेल. तो बोल्ट कदाचित विलिज कंपनीचा, कदाचित गेल्या पावसाळ्यात पेठेतून आणलेला. एकाच गाडीत दोन-तीन घराण्यांची माणसे अशी गुण्यागोविंदाने नांदत असतात, आणि गाडी चालत असते.

हे कसे जमले, ते समजून घ्यायचे तर १९४० सालात जायला हवे.

त्या वर्षीच्या जूनमध्ये फ्रान्स जर्मनीच्या हाती पडला. अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती, पण तिच्या लष्कराला आपली तयारी अपुरी आहे हे कळून चुकले होते. घोडा आणि मोटारसायकल या दोहोंचे काम करील अशी हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी त्यांना हवी होती. जुलैमध्ये १३५ कारखान्यांना पत्रे गेली. अट काय, तर नमुन्याची गाडी ४९ दिवसांत उभी करायची, आणि वजन १,३०० पौंडांच्या वर जाता कामा नये. म्हणजे ५९० किलो! पहिल्या फेरीला उत्तर दिले ते दोघांनीच. त्यातही ४९ दिवसांची अट कबूल केली ती पेनसिल्व्हानियातील बटलर या गावच्या बँटम नावाच्या, जवळजवळ बुडीत निघालेल्या कारखान्याने.

बँटमने कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला बोलावले. त्याने दोन दिवसांत आराखडा काढला. आता एवढ्या थोड्या अवधीत नवे एंजिन, नवे गिअर, नवे एक्सल कोण घडवणार? त्यांनी ते घडवलेच नाहीत. बाजारात जे तयार मिळत होते ते उचलले. एंजिन काँटिनेंटल कंपनीचे घेतले. एक्सल स्पायसर कंपनीचे घेतले, आणि तेही स्टुडबेकर मोटारीच्या एक्सलमध्ये फेरफार करून. पत्रा हातोडीने ठोकून ठोकून वळवला. २३ सप्टेंबर १९४० रोजी संध्याकाळी पाचपर्यंत गाडी बाल्टिमोरजवळच्या होलाबर्ड येथील लष्करी तळावर पोचायची होती. ती रस्त्याने चालवत नेली, आणि अर्धा तास शिल्लक असताना ती फाटकात शिरली.

तेव्हा आपल्याकडचा एखादा मिस्त्री याचा गिअर, त्याचा एक्सल आणि तिसऱ्याचे स्टिअरिंग जुळवून गाडी रस्त्यावर आणतो, त्याला नावे ठेवण्याआधी एवढे ध्यानात घ्या, की पहिली जीपही अशीच जुळवाजुळव करून जन्माला आली.

पुढची हकीगत बँटमच्या दृष्टीने फारशी सुखाची नाही. वजनाची मर्यादा लष्कराने पुढे २,१६० पौंडांपर्यंत वाढवली. बँटमचे रेखाटन लष्कराने इतरांना दाखवले, आणि विलिज व फोर्ड या दोघांनी आपापले नमुने केले. विलिजचा इंजिनिअर बार्नी रूस याच्याजवळ ६० अश्वशक्तीचे, २,१९९ घनसेंटिमीटरचे दणकट एंजिन होते. पण गाडीचे वजन भारी. त्याने बोल्टांचे जास्तीचे आटे कापले, पत्रे पातळ केले; रंगाचासुद्धा एकच हात दिला असे सांगतात. बाजी त्याने मारली. एकट्या विलिजला मागणी पुरवता येईना, म्हणून फोर्डलाही तीच गाडी त्याच मापाने करायला लावले. दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सुमारे साडेसहा लाख गाड्या केल्या. बँटमच्या वाट्याला अडीच हजारांवर काही गाड्या, आणि नंतर मागे जोडायच्या ट्रेलरचे काम. ज्याने वाट काढली तो मागेच राहिला.

‘त्याच मापाने’ या शब्दांवर जरा थांबतो. फोर्डचा पिस्टन विलिजमध्ये बसला पाहिजे, विलिजचा एक्सल फोर्डला लागला पाहिजे, ही लष्कराची अट होती. रणांगणावर दोन मोडक्या गाड्यांतून एक धड गाडी करता यावी, हा हेतू. या एका अटीमुळे जीपचे आयुष्य किती वाढले, याची कल्पना ती घालणाऱ्यांनाही नसेल.

आणि लष्कराने आणखी एक शहाणपण केले. दुरुस्तीच्या पाच पायऱ्या ठरवल्या, आणि पहिली पायरी खुद्द ड्रायव्हरची ठेवली. तेल बघणे, हवा बघणे, नट आवळणे, ग्रीस भरणे हे त्याने करायचे. मोठ्या कारखान्याची पायरी सगळ्यात शेवटची. यासाठी पुस्तके तर छापलीच, पण वीस-बावीस वर्षांच्या पोरांना जाड पुस्तक कोण वाचायला लावणार? मग ‘आर्मी मोटर्स’ नावाच्या लष्करी मासिकात विल आयस्नर या चित्रकाराने ‘जो डोप’ नावाचा एक बावळट शिपाई उभा केला. हा जो तेल न घालता गाडी हाणायचा, आणि मग त्याची जी फजिती व्हायची ती पाहून बाकीचे शिपाई शहाणे व्हायचे. शिक्षक मंडळींना यातली युक्ती मी सांगायला नको.

आपल्याकडे जीप आली ती ब्रह्मदेशच्या आघाडीमुळे. १९४४ साली कोहिमा आणि इंफाळच्या लढाया झाल्या त्या डोंगराळ, चिखलाच्या मुलखात जिथे मोठी लॉरी जात नसे तिथे जीप जाई. जखमींना आणायला तिच्यावर स्ट्रेचर बांधत. ब्रह्मदेशात काही ठिकाणी तर रबरी चाके काढून लोखंडी चाके घातली आणि आगगाडीच्या रुळांवर जीपच एंजिन म्हणून जुंपली. युद्ध संपले, आणि हा सगळा पसारा विकायला निघाला. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द तेव्हापासून मराठीत मुरला. डिस्पोजलचे कोट, डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलची जीप!

अशी जुनी जीप वरून रंग देऊन विकणे सोपे, हा धडा सरकारलाही मिळाला. १९४८ साली काश्मीरची लढाई चालू असताना लंडनमधले आपले हायकमिशनर व्ही. के. कृष्णमेनन यांच्यामार्फत दुरुस्त केलेल्या दोन हजार जुन्या जीपगाड्यांचा सौदा ठरला. पहिल्या १५५ गाड्या आल्या, आणि त्या कामाच्या नाहीत असे सैन्याने सांगितले. संसदेत मोठा गदारोळ झाला. १९५५ साली सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. राजकारणाची बाजू ज्याने त्याने तपासावी. आपल्यापुरता बोध एवढाच, की जुनी गाडी घेताना बॉनेटचा रंग पाहू नये, खाली वाकून सांगाड्याच्या आतल्या बाजूचा गंज पाहावा.

जीप भारतात तयार होऊ लागली ती मुंबईत. १९४५ साली ‘महिंद्रा अँड महंमद’ या नावाने एक कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदारांपैकी मलिक गुलाम महंमद पाकिस्तानात गेले. ते तिथले पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर-जनरल झाले. १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. सुटे भाग अमेरिकेहून यायचे आणि माझगावच्या कारखान्यात जोडले जायचे. पुढे १९५४ पासून एकेक भाग इथेच करायला सुरुवात झाली. ज्या उंच बॉनेटच्या जीपला आपण ‘आपली’ जीप म्हणतो, ती विलिजची १९५३ सालची ‘सीजे-३बी’. तिचे एंजिन आधीच्यापेक्षा उंच होते, म्हणून बॉनेट उंच करावे लागले, शोभेसाठी नव्हे. अमेरिकेत ती केव्हाच बंद पडली. तिच्या वंशातल्या गाड्या आपल्याकडे एकविसाव्या शतकातही तयार होत होत्या.

खेड्याला जीप कळली ती मात्र सरकारी पायरीवर. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली, आणि विकास गटाच्या कचेरीसमोर जीप उभी राहिली. १९५३ साली हिवतापाविरुद्ध मोहीम निघाली, तिचे फवारणीवाले जीपने आले. निवडणुकीची जीप, साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याची जीप, आणि पुढे सातारा-सांगली-कोल्हापूरकडची वडापची जीप. ही वडाप म्हणजे स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. नऊ माणसांच्या गाडीत अठरा बसवण्याची कला काही अमेरिकेने शिकवली नाही!

सरकारी जीपा लिलावात निघाल्या, शेतकऱ्यांच्या अंगणात आल्या, आणि खऱ्या अर्थाने मिस्त्रीचा अंमल तेव्हा सुरू झाला. त्याने काय काय केले, ते थोडे खोलात जाऊन पाहू. कारण इतिहासाच्या पुस्तकात हे येत नाही.

पहिली गोष्ट विजेची. जुन्या जीपची बॅटरी सहा व्होल्टची. दिवा मिणमिणता, थंडीत एंजिन उचलायला नाखूष. मिस्त्रींनी ती बारा व्होल्टची केली. हा बदल नुसता ‘जास्त व्होल्ट म्हणजे जास्त उजेड’ असा नव्हे. गुरुजी, वर्गात फळ्यावर मांडण्याजोगा हिशेब आहे. ३६ वॉटचा दिवा घ्या. सहा व्होल्टवर त्याला सहा अँपिअर प्रवाह लागतो, बारा व्होल्टवर तीन. आता जुन्या गाडीत गंजलेल्या जोडामुळे वाटेत एक-दशांश ओहमचा अडथळा आहे असे धरा. सहा व्होल्टच्या गाडीत तिथे ०.६ व्होल्ट खर्च होतात, म्हणजे दहावा हिस्सा गेला. बारा व्होल्टच्या गाडीत ०.३ व्होल्ट, म्हणजे चाळिसावा हिस्सा. गंज तोच, पण नुकसान चौथाई. अर्थात बॅटरी बदलली की बल्ब, कॉईल, हॉर्न हेही बदलावे लागतात. आणि डायनामो काढून आल्टर्नेटर बसवला तर गाडी मंद चालत असतानाही बॅटरी भरत राहते. एवढे करूनही दिवा मंदच राहिला, तर नवी बॅटरी आणण्याआधी बॅटरीची जमिनीची तार सांगाड्याला जिथे लावली आहे तिथला रंग-गंज कानशीने घासून पाहावा. दहातल्या बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

दुसरी गोष्ट पुढच्या चाकांची. जीपचे पुढचे चाक वळतेही आणि त्याला एंजिनचा जोरही असतो. यासाठी एक्सलच्या टोकाला एक मोठा गोळा असतो, आणि त्याच्याभोवती बुरणुसाची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी असते. ग्रीस आत आणि चिखल बाहेर ठेवणे हे तिचे काम. भातखाचरातून चार पावसाळे काढले की ती झिजते, चिखल आत शिरतो, आणि ग्रीसमध्ये मिसळलेली वाळू आतल्या जोडाला पाट्यावर वाटल्यासारखी वाटून काढते. पट्टी स्वस्त असते. आतला जोड महाग. चाके ठराविक वेगाला थरथरू लागली तर लोक स्टिअरिंगवाल्याकडे धावतात. त्याआधी चाक वर उचलून, वर-खाली धरून हलवून पाहावे. खेळ लागला तर गोळ्याच्या वर-खालच्या टोप्यांखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. त्या एक-दोन कमी करून बेअरिंग योग्य तितके आवळता येते.

चाक उचलण्याची गोष्ट निघाली म्हणून दोन इशारे देतो. जुन्या जीपचा हात-ब्रेक चाकांवर नसतो, तो गिअरपेटीच्या मागे, शाफ्टवर असतो. मागचे एक चाक जॅकवर अधांतरी झाले की तो शाफ्ट धरून ठेवूनही गाडी सरकू शकते. म्हणून बाकीच्या चाकांना पुढे-मागे दगड लावल्याशिवाय खाली शिरू नये. आणि डाव्या बाजूच्या चाकांचे नट युद्धकाळच्या गाड्यांत उलट्या आट्याचे असत. पाना लावून नेहमीच्या दिशेला जोर करणाऱ्यांनी किती स्टड मोडले, त्याची गणती नाही. त्याच गाड्यांची काही चाके दोन पाळींची, बोल्टांनी जोडलेली असतात. ते बोल्ट हवा पूर्ण काढल्याखेरीज सोडू नयेत; पाळ उडून जीव जाऊ शकतो.

आता तिसरी गोष्ट, सगळ्यात मोठी : डिझेल. १९७३ साली जगात तेलाचे भाव भडकले, आणि पेट्रोलवर चालणारी जीप पांढरा हत्ती वाटू लागली. कंपनीनेही डिझेलच्या जीपा काढल्या; १९८० च्या सुमारास आलेले प्यूजोचे २,११२ घनसेंटिमीटरचे एंजिन पुष्कळांच्या परिचयाचे आहे. पण गावोगावच्या गॅरेजांत पेट्रोलचे एंजिन काढून डिझेलचे बसवण्याचा उद्योग चालला, त्याला तोड नाही. हरियाना-पंजाबच्या सीमेवरचे मंडी डबवाली हे गाव तर लष्कराच्या लिलावातल्या जीपा नव्याने उभ्या करण्यासाठी प्रसिद्धीस आले.

हे काम दिसते तेवढे सरळ नाही. डिझेल एंजिन जड. ते आले की पुढचे कमानपाटे दबतात, म्हणून एखादा पाटा वाढवावा लागतो. पाटा वाढला की गाडी उंच होते आणि शाफ्टचा कोन बदलतो. डिझेल एंजिन कमी फेऱ्यांत जोर देते, पण जुन्या जीपचे एक्सल असे, की सीजे गाडीत चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे व्हावे लागत. चढणीला हे उत्तम. सपाट सडकेवर मात्र ताशी साठ किलोमीटरला एंजिन किंचाळू लागते. मग एक्सलचे दातेचक्र बदला. ते बदलले की गाडी पळू लागते, आणि तेव्हा कळते की ब्रेक जुनेच आहेत! मूळ जीपचे ब्रेकचे ड्रम नऊ इंचांचे, हजार-अकराशे किलोच्या गाडीला बेतलेले. माझे स्पष्ट मत असे, की एंजिनला हात लावण्याआधी पुढच्या पिढीतल्या गाड्यांचे मोठे ड्रम बसवून घ्यावेत. लोक नेमके उलट करतात. कारण जोर चारचौघांत दाखवता येतो, थांबणे कोणी पाहत नाही.

असे बदल नीट केले तर गाडी किती टिकते? दार्जिलिंगकडच्या डोंगरात मानेभंज्यांग नावाचे गाव आहे. तिथून संदकफू हे ३,६३६ मीटर उंचीचे शिखर ३१ किलोमीटरवर. तेवढ्या वाटेत चढण सतराशे मीटरची, म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजलेल्या आपल्या कळसूबाईहूनही अधिक. या दगडी वाटेवर १९५० च्या दशकातल्या लँड रोव्हर गाड्या एकविसाव्या शतकातही प्रवासी आणि धान्य वाहत राहिल्या. मुळात त्या इंग्रज मळेवाल्यांच्या. त्यांचे सुटे भाग विलायतेत मिळेनासे झाले तेव्हा तिथल्या ड्रायव्हरांनीच ते घडवले, आणि पुष्कळ गाड्यांच्या पोटात महिंद्राचे डिझेल एंजिन घातले.

यात एक गंमत आहे. लँड रोव्हर जन्मली तीच जीपच्या दुरुस्तीपायी. रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स यांच्या अँगलसी बेटावरच्या शेतावर युद्धातली एक जुनी विलिज होती. ती झिजत चालली, तिच्या जागी घ्यायला इंग्लंडात दुसरे काही नव्हते. तेव्हा १९४७ साली त्यांनी पहिला नमुना जीपच्याच सांगाड्यावर उभारला. पोलाद रेशनवर होते म्हणून अंगाला अॅल्युमिनियमचा मिश्र धातू वापरला. ३० एप्रिल १९४८ रोजी ती अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. म्हणजे संदकफूच्या वाटेवर महिंद्राचे एंजिन लँड रोव्हरमध्ये बसले, तेव्हा जीपच्या दोन शाखांची जणू सोयरीक झाली. फिलिपिन्समध्ये तिसरी शाखा आहे : अमेरिकन सैन्याने मागे टाकलेल्या जीपा लांब करून, रंगवून मनिलाच्या मिस्त्रींनी ‘जीपनी’ नावाच्या प्रवासी गाड्या केल्या.

आता कायद्याचे बोलू, कारण आज हे सगळे पूर्वीइतके मोकळे राहिलेले नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा निराळा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हे पुन्हा बजावले. एंजिन बदलायचे तर आधी परिवहन कार्यालयाची परवानगी हवी. पुष्कळांना हा जुलूम वाटतो. पण जुन्या ड्रमावर दुप्पट जोराचे एंजिन आणि वर पंधरा माणसे, असा ताफा घाट उतरताना पाहिला की कायदा करणाऱ्यांचे मन समजते. बारा व्होल्टची बॅटरी किंवा बुरणुसाची पट्टी यासाठी कोणी अडवत नाही. वाद आहे तो एंजिन, सांगाडा आणि आकार यांचा.

पेट्रोलची जीप ज्यांनी अजून राखली आहे, त्यांच्यासाठी एक ताजी गोष्ट. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. जुन्या पंपाचा रबरी पडदा आणि नळ्या त्यासाठी केलेल्या नाहीत. त्या फुगतात, चिरतात. विलिजची टाकी ड्रायव्हरच्या आसनाखाली असते हे लक्षात घेतले, तर गळती किती महागात पडेल ते सांगायला नको. इथेनॉल सोसणारा पडदा आणि नळ्या घालाव्यात. आणि टाकी खाली उतरवून दूर ठेवल्याशिवाय तिच्या आसपास वेल्डिंगची कांडी पेटवू देऊ नये, मिस्त्री कितीही जुना-जाणता असो.

लिलावात किंवा बाजारात जुनी जीप घ्यायची झाली, तर रजिस्ट्रेशनच्या पुस्तकातला एंजिनचा नंबर आणि प्रत्यक्ष एंजिनवरचा नंबर दोन्ही स्वतः वाचून जुळवा. विलिजच्या एंजिनवर तो ब्लॉकच्या उजव्या अंगाला, पुढच्या कोपऱ्यात ठोकलेला असतो. बहुधा तो ग्रीसखाली दडलेला असतो. चिंधी आणि थोडे रॉकेल बरोबर न्या.